पाकिटातली हवा

अंधेरी पूर्वेला तीन जागा एकमेकींपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत: मरोळचा सुक्या मासळीचा बाजार, एमआयडीसीतली भारतीय पॅकेजिंग संस्था आणि सहारचा विमानतळ. पहिल्या जागी बोंबील, जवळा, करंदी आणि सोडे यांचे ढीग लागतात. दुसरीकडे खोकी उंचावरून आपटून आणि पाकिटं दाबून, फाडून त्यांची ताकद मोजली जाते. तिसऱ्या जागेवरून आखातात, लंडनला, न्यू जर्सीला निघालेल्या बॅगांत याच सुक्या मासळीची, थेपल्यांची, दिवाळीच्या फराळाची पाकिटं कपड्यांच्या घड्यांत दडवलेली असतात. मुंबईच्या उपनगरांत खाण्याच्या वस्तूंचं पॅकिंग कसकसं बदलत गेलं, ते या तीन जागांमधल्या रस्त्यावर वाचता येतं. बनवणारा आणि खाणारा यांच्यातलं अंतर वाढलं, की पाकीट बदललं. आज एखाद्या गाळ्यासाठी व्हॅक्यूम पॅकिंगचं मशीन घ्यायला निघालेला व्यावसायिक हाच जुना हिशेब पुढे चालवत असतो.

या हिशेबाची सुरुवात हवा काढून टाकण्याने झाली नाही. ती झाली हवा खेळती ठेवण्याने.

वेसावे, मढ, मनोरी, गोराई या कोळीवाड्यांत डोल जाळ्यात बोंबील भरभरून येई. बोंबलाच्या अंगात ८५ ते ९० टक्के पाणी. बर्फ मिळत नव्हता त्या काळात सकाळचा बोंबील संध्याकाळपर्यंत हातात घेण्याजोगा राहत नसे. म्हणून ताजा विकून उरेल तो वाळवायचा. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडवे दोर बांधायचे, म्हणजे वलांडी तयार. मग दोन बोंबील घ्यायचे, एकाचा जबडा दुसऱ्याच्या जबड्यात अडकवायचा आणि ती जोडी दोरावर टाकायची. बोंबलाचे बारीक, आत वळलेले दात एकमेकांत असे रुततात की वाऱ्यानेही जोडी सुटत नाही. ना मीठ, ना खिळा, ना सुतळी. पाऊस ओसरल्यापासून मेअखेरपर्यंत ऊन आणि वारा मिळून दोन-चार दिवसांत त्याची कडक काडी करून टाकतात.

हे सगळं आगोटीसाठी. पावसाळ्याच्या तोंडावर होड्या किनाऱ्याला ओढल्या की पुढचे दोन महिने ताज्या मासळीचं नाव नाही. त्याआधी घरात तांदूळ, मसाला, लाकूडफाटा आणि सुकी मासळी भरून ठेवायची. साठवण म्हणजे पत्र्याचा डबा किंवा मडकं, नाहीतर माळ्यावरचा कोरडा कोपरा आणि वर गोणपाट. जुलैत हवा दमट झाली की बोंबील पुन्हा पाणी पितो, मऊ पडतो, बुरशी धरतो. त्यावर उपाय एकच, उघडीप मिळाली की पुन्हा उन्हात घालणं. विकायचा बोंबील कोळणीच्या पाटीतून जाई. गिऱ्हाईक दोन-चार मैलांवरचं आणि ओळखीचं. कागदाच्या तुकड्यात बांधून दिलेला माल घरी जाऊन डब्यात पडे. माल खराब निघाला तर दुसऱ्या दिवशी कोळीण दारात असायचीच, तिलाच सुनवायचं. अशा व्यवहाराला पाकिटाची गरज नव्हती.

गरज पहिल्यांदा लागली ती पार्ल्याच्या बिस्किटाला.

१९२९ हे वर्ष उपनगरांच्या इतिहासात दोन कारणांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. त्या वर्षी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे पुढे सगळ्यांच्या तोंडी बसलेली बीएसईएस, ही कंपनी स्थापन झाली. उपनगरांना स्वतःची वीज कंपनी मिळाली. त्याच वर्षी मोहनलाल दयाल चौहान यांनी विलेपार्ल्यात गोळ्या-पेपरमिंटचा कारखाना काढला. १९३९ मध्ये तिथे बिस्किटं बनू लागली. तोवर बिस्किट ही बेकरीच्या बरणीतून किंवा पत्र्याच्या डब्यातून काढून कागदाच्या पुडीत द्यायची वस्तू होती. बेकरीवाल्याला ते चालत होतं, कारण त्याची बिस्किटं त्याच गल्लीत संपत. पार्ल्याच्या बिस्किटाला मात्र आगगाडीतून देशभर जायचं होतं. वाटेत मुंबईचा पाऊस होता, बंगालची दमट हवा होती आणि महिनोन्‌महिने फळीवर बसवून ठेवणारे वाणी होते. बिस्किटाचा खरा वैरी म्हणजे ओल. म्हणून मेणकागदाचं वेष्टन आलं. पांढऱ्या-पिवळ्या पट्ट्यांचा तो कागद कडेला दुमडून डकवलेला असे आणि पुडा उघडताना हाताला हलकं मेण लागे. कितीतरी दशकं ग्लुको बिस्किट याच कागदात विकलं गेलं. प्लास्टिकची फिल्म फार उशिरा आली. पार्ल्याचा मूळ कारखाना २०१६ मध्ये बंद झाला, तरी लोकलने जाताना येणारा तो गोड वास पार्लेकरांच्या दोन-तीन पिढ्यांना आठवतो.

मेणकागदाने ओल अडवली, पण हवा अडवली नाही. बिस्किटाला त्याचं फारसं सोयरसुतक नव्हतं. तळलेल्या पदार्थाला असतं. दुधाचा प्रश्न तर निराळाच होता.

दुधासाठी उपनगराने वेगळी वाट काढली. १९४९ मध्ये गोरेगावच्या माळावर आरे दुग्ध वसाहत उभी राहिली. मुंबईच्या दाटीवाटीतल्या तबेल्यांतल्या म्हशी तिथे नेल्या गेल्या. दूध आयुक्त दारा खुरोडी यांनी त्याआधीच, १९४६ मध्ये, मुंबईत टोन्ड दूध आणलं होतं. या कामासाठी १९६३ चा मॅगसेसे पुरस्कार त्यांना वर्गीस कुरियन आणि त्रिभुवनदास पटेल यांच्याबरोबर मिळाला. आरेचं दूध काचेच्या बाटलीत येई, तोंडावर पातळ ॲल्युमिनियमचं टोपण. पहाटे केंद्रावर कार्ड दाखवायचं, धुतलेली रिकामी बाटली द्यायची, भरलेली घ्यायची. बाटली परत यायची असेल तर गिऱ्हाईक दूर राहून चालत नाही. ते रोज त्याच केंद्रावर यायला हवं. काच हे जवळच्या माणसाचं पॅकिंग आहे. पुढे पॉलिथिनची पिशवी आली तेव्हा बाटलीबरोबर हा परतीचा फेराही संपला. दूध पिशवीतून कुठेही जाऊ लागलं आणि रिकामी पिशवी कचऱ्यात.

दरम्यान उपनगरं स्वतःच फुगत होती. १९५० मध्ये मुंबई महापालिकेची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत सरकली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली. गिरगाव-भुलेश्वरच्या चाळी सोडून मराठी, गुजराती, कच्छी कुटुंबं घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत आली आणि येताना आपापली खाणी घेऊन आली. खाकरा, फरसाण, थेपले, भाजणी, मेतकूट, पापड, मसाले असा घरच्या ओट्यावर सुरू झालेला धंदा वाढला की साकीनाका, मरोळ, घाटकोपर, मुलुंड इथल्या औद्योगिक वसाहतींत गाळा बघायचा, ही इथली रीत झाली. पॅकिंग म्हणजे पॉलिथिनची पिशवी. आधी ती मेणबत्तीच्या ज्योतीवर चिकटवत, मग टेबलावरच्या सीलरने.

पॉलिथिनने एक घोळ केला, तो समजायला धंद्यात बरीच वर्षं गेली. ही पिशवी पाण्याच्या वाफेला चांगली अडवते, पण ऑक्सिजनला जवळपास मोकळं सोडते. खाकरा कुरकुरीत राही, पण पंधरा-वीस दिवसांनी खवट लागे. तेलातल्या चरबीला ऑक्सिजन लागला की तिचा वास बदलतो. पिशवी कितीही घट्ट सील करा, वायू प्लास्टिकच्या भिंतीतूनच झिरपत राहतो. जे आत येतं ते बाहेरही जातं. म्हणूनच पॉलिथिनमध्ये बांधलेल्या सुक्या जवळ्याचा वास अख्ख्या कपाटाला लागतो. यावर उत्तर होतं नायलॉनचं. नायलॉन ओलीच्या बाबतीत कच्चं, पण ऑक्सिजन आणि वास रोखण्यात पक्कं. पॉलिथिन नेमकं उलट. दोघांचे थर एकत्र करून काढलेली फिल्म दोन्ही कामं करते. आजही पॅकिंगच्या दुकानात व्हॅक्यूमची पिशवी मागितली तर बहुधा हीच नायलॉन-पॉलीची पिशवी पुढे येते.

हवेचा बंदोबस्त भारताला अगदीच नवा नव्हता. काजू परदेशी पाठवणारे व्यापारी ११.३४ किलोचे, म्हणजे २५ पौंडांचे पत्र्याचे डबे भरत, त्यातली हवा पंपाने ओढत आणि जागी कार्बन डायऑक्साइड सोडत. वाट महिन्याची समुद्राची, डब्यात साधी हवा राहिली तर काजूचं तेल पोचण्याआधी खवट. पण हा निर्यातीतला, मोठ्या भांडवलाचा मामला होता. बाकी निर्यातीची अवस्था फार चांगली नव्हती. माल चांगला, पण खोकं फुटलेलं, पाकीट ओलं, अशा कारणांनी परदेशी बाजार हातचा जाऊ नये म्हणून केंद्र सरकारच्या वाणिज्य खात्याने उद्योगांना बरोबर घेऊन १९६६ मध्ये भारतीय पॅकेजिंग संस्था स्थापन केली. तिचं मुख्यालय अंधेरीच्या एमआयडीसीत आहे. पाकिटाच्या भिंतीतून चोवीस तासांत किती वाफ, किती ऑक्सिजन आत येतो हे तिथे मोजता येतं. फिल्मचा नमुना दोन कप्प्यांमध्ये ताणून बसवायचा, एका बाजूला ऑक्सिजन सोडायचा आणि दुसऱ्या बाजूला किती पोचतो ते पाहायचं. ‘चांगली पिशवी’ या गोलमाल शब्दाला तिथे आकडा मिळाला.

त्याच सुमारास जगभर व्हॅक्यूम पॅकिंग मांसाच्या धंद्यातून वर येत होतं. जर्मनीत मल्टिवॅक कंपनी १९६१ ची. सॉसेज, हॅम, बेकनच्या कापांना हवा लागली की रंग उडतो, म्हणून तिथल्या खाटकांनी आणि कारखानदारांनी ही यंत्रं उचलून धरली. मुंबईच्या उपनगरातही बेकनचा एक अध्याय आहे. पंचवार्षिक योजनांच्या काळात देशात जे मोजके सरकारी बेकन कारखाने निघाले, त्यांत अलीगढ, हरिणघाटा, गन्नावरम यांच्या पंगतीत बोरिवलीचंही नाव आहे. आज गृहसंकुलांनी भरलेल्या बोरिवलीकरांना हे सांगितलं तर पटायला वेळ लागतो. पुढे १९८५ मध्ये पार्ले घराण्यातल्याच पार्ले ॲग्रोने फ्रूटी बाजारात आणली आणि टेट्रा पॅकच्या थराथरांच्या खोक्यातला, हवा आणि उजेड दोन्ही वर्ज्य केलेला आंब्याचा रस पोरांच्या हातात पडला. दूरवर, फ्रिजशिवाय, महिनोन्‌महिने टिकणारा रस ही त्या वेळी नवलाईच होती.

आणि मग बोंबील अडला.

ब्रिटनमधल्या भारतीय उपाहारगृहांत करीबरोबर कुरकुरीत सुका बोंबील देण्याची पद्धत साहेबाच्या काळापासूनची. तिथे वर्षाला १३ टनांहून जास्त बोंबील खपत होता. १९९७ मध्ये युरोपीय आयोगाने भारतातून येणाऱ्या मासळीवर स्वच्छतेच्या कारणाने बंदी घातली आणि त्या फटक्यात बोंबीलही सापडला. उघड्या किनाऱ्यावर, माशा-कावळ्यांच्या राज्यात वाळवलेला मासा आयोगाच्या कागदावर बसणार कसा? तिकडच्या शौकिनांनी ‘सेव्ह बॉम्बे डक’ नावाची मोहीम चालवली, भारतीय उच्चायुक्तालयाने बोलणी केली. शेवटी निघालेला तोडगा पॅकिंगच्या इतिहासात मासलेवाईक आहे: बोंबील वाळवा पूर्वीसारखाच उघड्यावर, पण पाकिटात भरा ते मात्र आयोगाने मान्य केलेल्या पॅकिंग केंद्रातच. वलांडीला कुणी हात लावला नाही. नियम आला तो पाकिटाला. दोर, बांबू आणि बोंबलाचे दात तसेच राहिले. त्यांच्यापुढे स्टीलची टेबलं, हातमोजे आणि सील करणारं यंत्र येऊन बसलं.

तेव्हापासून आजपर्यंत सुक्या मासळीच्या, मिठाईच्या, फरसाणाच्या धंद्यात ‘व्हॅक्यूम करून देता का?’ हा प्रश्न रोजचा झाला. विचारणारा बहुतेक वेळा विमानाचं तिकीट काढलेला असतो. त्याला बोंबील टिकायला तर हवाच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे बॅगेतल्या बाकीच्या कपड्यांना वास लागायला नको. दिवाळीच्या आधी हाच प्रश्न चकली-करंजीबद्दल येतो, मुलगा बोस्टनला असतो म्हणून.

तर मशीन कुठलं घ्यायचं? विकणारा आधी पंपाची ताकद सांगतो. जाणकार आधी विचारतो, ‘माल काय?’

प्रत्येक मालाचं हवेशी नातं वेगळं. बाहेरची हवा पाकिटावर दर चौरस सेंटिमीटरला सुमारे एक किलोचा दाब टाकत असते. आत हवा असते तोवर तो जाणवत नाही. आतली हवा काढली की तोच दाब मालावर पडतो. थेपले आणि पुरणपोळ्या चपट्या, थप्पीने बसणाऱ्या. त्या हा दाब सोसतात. सुका जवळा दाबून विटेसारखा कडक होतो, पण पाकीट फोडून हाताने मोकळा केला की झालं. चिवडा, वेफर्स, चकली यांचा मात्र भुगा. त्यांच्यासाठी हवा काढून तिच्या जागी नायट्रोजन भरायचा. पाकीट फुगलेलं राहतं, ऑक्सिजन नसतो आणि माल अखंड पोचतो. घाटकोपरच्या फरसाणवाल्याने गॅसची सोय नसलेलं मशीन घेतलं तर त्याच्या मालाच्या दृष्टीने ते अर्धवटच. करंदी वेगळीच आडवी येते. तिच्या डोक्यावरची सोंड सुईसारखी टोकदार. व्हॅक्यूम ओढताना ती पिशवीत घुसते आणि डोळ्याला न दिसणारं भोक पाडते. संध्याकाळी घट्ट दिसलेलं पाकीट सकाळी सैल. अशा मालाला मशीन बदलून उपयोग नाही, जाड पिशवी घ्यायची. भोक सापडतं पाण्यात: पाकीट बादलीत बुडवून दाबायचं आणि बुडबुडा कुठून येतो ते पाहायचं.

पातळ पदार्थांची गोष्ट आणखी निराळी. कालवण, सांबार, गुलाबजामचा पाक घेऊन कुणी साध्या नळीच्या मशीनपुढे बसला, तर हवेबरोबर पाकही नळीत ओढला जातो. म्हणून चेंबर मशीन. पिशवी पेटीत ठेवायची, झाकण बंद करायचं, आणि मग फक्त पिशवीतली नाही तर पूर्ण पेटीतली हवा ओढायची. आत-बाहेर दाब सारखाच राहतो, म्हणून पातळ पदार्थ बाहेर येत नाही. तरी एक सापळा उरतोच. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं. ३० अंशांवरचं पाणी सुमारे ४२ मिलिबार दाबाला उकळू लागतं. मुंबईच्या गाळ्यात दुपारी ठेवलेलं कालवण ३० अंशांखाली क्वचितच असतं. व्हॅक्यूम थोडा खोल गेला की चेंबरच्या काचेखाली विस्तव नसताना कालवणाला उकळी फुटते, पिशवीच्या तोंडावर शिंतोडे उडतात, आणि तेलकट तोंडाला सील लागत नाही. वाफ पंपात शिरते आणि पंपाच्या तेलात मिसळते. तेल पाहायच्या काचेतून ते दुधाळ दिसायला लागलं की समजायचं, पंपाच्या पोटात पाणी गेलं. पदार्थ आधी फ्रिजमध्ये गार करायचा आणि मगच पॅक करायचा, ही शिस्त नसेल तर महागातलं मशीनही वर्षभरात कुरकुरायला लागतं.

पंपाचं गणित कागदावर सोपं आहे. ४० लिटरच्या चेंबरमधला दाब १००० मिलिबारवरून १० वर आणायला ताशी २० घनमीटर ओढणाऱ्या पंपाला साधारण ३३ सेकंद लागतात. दुप्पट ताकदीचा पंप तेच निम्म्या वेळात करतो. प्रत्यक्षात पंप थोडा हळूच चालतो, शिवाय सील तापायला, गार व्हायला, झाकण उघडायला वेळ जातो. पण दिवसाला दोनशे पाकिटांच्या धंद्याला आणि दोन हजारांच्या धंद्याला एकच मशीन नको, हे या आकड्यावरून लगेच कळतं. मोठा धंदा बहुधा डबल चेंबरकडे जातो. एका बाजूला हवा ओढली जात असताना कामगार दुसऱ्या बाजूला पिशव्या लावत असतो, झाकण डावी-उजवीकडे फिरत राहतं. मशीन मोठं घेतलं पण पिशवीत माल भरणारे हात दोनच असतील, तर तो वेग कुणाच्याच उपयोगाचा नाही.

यानंतर येतो गाळा. उपनगरातल्या गाळ्याचं भाडं फुटावर, आणि डबल चेंबर मशीन एका लहान टेबलाएवढी जागा खातं. त्याला थ्री फेज वीज लागते. ती कुणाकडे मागायची हेही पत्त्यावर ठरतं. अंधेरी, बोरिवली, घाटकोपरला अदानी इलेक्ट्रिसिटी, म्हणजे मूळची बीएसईएस, मुलुंड-भांडुपला महावितरण. जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरचा गाळा असेल तर लिफ्टमध्ये मशीन मावतं का, हे बयाणा देण्याआधी मोजावं लागतं. मशीन बनवणारे मात्र लांब नाहीत. वसईच्या पट्ट्यात पॅकिंग यंत्रांचे लहान-मोठे कारखाने भरपूर आहेत. सीलिंग बारवरची टेफ्लॉन पट्टी जळाली, गॅस्केट कापलं गेलं किंवा पंपाचं तेल बदलायचं झालं तर मेकॅनिक त्याच दिवशी येतो की आठ दिवसांनी, हा फरक दिवाळीच्या आठवड्यात हजारो रुपयांचा ठरतो. परदेशी मशीनचा पंप कितीही सरस असला तरी सुटा भाग जहाजाने येणार असेल, तर पुष्कळ जण वसईचं मशीन आणि परदेशी पंप अशी जोडी पसंत करतात.

एवढं करूनही व्हॅक्यूम जंतू मारत नाही. तो हवेवर जगणाऱ्या बुरशीला आणि जंतूंना उपाशी ठेवतो. पण काही जंतूंना हवा नसलेलीच जागा आवडते. त्यातला सर्वांत घातक क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम. ताज्या मासळीवर तो थंडीतही वाढू शकतो. म्हणूनच अमेरिकेचं अन्न व औषध प्रशासन व्हॅक्यूम केलेली कच्ची मासळी ३.३ अंश सेल्सिअसच्या खाली ठेवायला सांगतं आणि गोठवलेली असेल तर वितळवण्याआधी पाकीट उघडायला. घरातला फ्रिज सहसा ४-५ अंशांवर असतो. पुरेसा वाळलेला बोंबील या धोक्यातून सुटतो, कारण जंतूला लागणारं पाणीच त्यात उरत नाही. बाहेरून कडक आणि आतून ओलसर राहिलेल्या बोंबलाला मात्र व्हॅक्यूम वाचवत नाही. तिथे वलांडीवर अजून एक दिवस हवा असतो.

कायद्याने पाकिटाबरोबर आणखी एक गोष्ट आणली, ती म्हणजे तारीख. पाटीतल्या बोंबलावर तारीख नव्हती. १९७७ च्या वेष्टित वस्तूंच्या नियमांनी पाकिटावर वजन, किंमत, बनवणाऱ्याचं नाव सक्तीचं केलं. २००६ च्या अन्न सुरक्षा कायद्यानंतर परवाना, घटक, टिकाऊपणाची मुदत हे सगळं एका कायद्याखाली आलं. २०१८ च्या पॅकेजिंग नियमावलीने खाण्याच्या वस्तू वर्तमानपत्रात बांधायला मनाई केली. छपाईची शाई पोटात जाते म्हणून. पाकिटावर ‘तीन महिने’ छापणाऱ्याला ती मुदत सिद्ध करता आली पाहिजे. नमुने ठेवायचे, ठरावीक दिवसांनी उघडायचे, प्रयोगशाळेत द्यायचे. मशीनच्या किमतीत हा खर्च धरला जात नाही आणि मग तो पहिल्या वर्षी अंगावर येतो.

सध्याचा पेच वेगळ्याच दिशेने आला आहे. २६ जुलै २००५ च्या पुरानंतर तुंबलेल्या गटारांचा दोष प्लास्टिकच्या पिशव्यांवर आला. २३ मार्च २०१८ ला महाराष्ट्राने प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. व्हॅक्यूमची पिशवी त्या बंदीच्या नेमक्या निशाण्यावर नसली, तरी केंद्राच्या २०१६ च्या प्लास्टिक कचरा नियमांनी थराथरांच्या प्लास्टिकची जबाबदारी ते वापरणाऱ्या उत्पादकांवर टाकली. नायलॉन आणि पॉलिथिन एकदा एकजीव झाले की वेगळे करणं अवघड, त्यामुळे भंगारवाला ही पाकिटं उचलत नाही. उपाय म्हणून मुख्यतः एकाच जातीच्या प्लास्टिकच्या फिल्म येत आहेत. त्यांची अडचण सीलिंग बारवर दिसते. नायलॉनचा बाहेरचा थर उष्णता सोसायचा आणि आतलं पॉलिथिन वितळायचं, त्यामुळे चार अंश इकडे-तिकडे झाले तरी सील लागत असे. आतला-बाहेरचा थर एकाच जातीचा असला की दोन्ही जवळपास एकाच तापमानाला मऊ पडतात. बार जरा जास्त तापला की पिशवी बारलाच चिकटते, कमी तापला की सील सुटतं. जुन्या मशीनवर फक्त सेकंद मोजणारं बटण असतं, तापमान मोजणारा काटा नसतो. म्हणून यंदा नवीन मशीन पाहणाऱ्याने विक्रेत्याकडे पंपाच्या घनमीटरबरोबर सीलिंग बारचं तापमान कसं राखलं जातं हेही विचारावं, आणि आपल्याच पिशव्या, आपलाच माल घेऊन कारखान्यात जावं व शंभर पाकिटं समोर काढून बघावीत.